आधी विचारलंस का?

(संज्ञापनाचे प्राध्यापक असलेल्या आमच्या सरांच्या स्मरणार्थ त्यांचे माजी विद्यार्थी आणि शहरातल्या स्त्री-संघटना यांनी मिळून घेतलेल्या सभेतलं भाषण.)



सरांवर भाषण करायचं म्हणजे सरांना न आवडणारी गोष्ट करायची. एकाने व्यासपीठावरून बोलायचं आणि बाकीच्यांनी रांगेत बसून ऐकायचं, याला ते ‘हजेरी’ म्हणायचे. म्हणून माझं बोलणं थोडक्यात उरकते आणि नंतर आपण गोल करून बसू.

ही सभा ठरवताना आपल्या बैठकीत दोघी-तिघींनी विचारलं होतं, की एका पुरुष प्राध्यापकाची आठवण-सभा स्त्री-संघटनांनी का घ्यावी? बायकांनी बायकांसाठी केलेल्या कामाची नोंद कोणी ठेवत नाही आणि आपण मात्र पुन्हा एका सरांचे गोडवे गायचे का? प्रश्न रास्त आहे. मी तो मनात ठेवूनच बोलणार आहे. सरांनाही तो आवडला असता.

मी २०११ साली समाजकार्याच्या एम.ए.ला आले. तालुक्याच्या गावातून पुण्यात आलेली, थोडी बुजरी, पण चळवळीत पडायचं हे पक्कं ठरवलेली. ‘विकासासाठी संज्ञापन’ हा ऐच्छिक विषय घेतला तो एवढ्याचसाठी, की पोस्टर कसं करायचं, पथनाट्य कसं बसवायचं, पत्रक कसं लिहायचं हे शिकता येईल. सर तेव्हा निवृत्त झालेले होते. आठवड्यातून एकदा शिकवायला यायचे. खांद्याला शबनम, त्यात पाण्याची बाटली आणि वर्तमानपत्रांची कात्रणं.

पहिल्याच तासाला त्यांनी १९५६ सालच्या पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण श्रोता मंडळांच्या प्रयोगाविषयी सांगितलं. दीडशे गावं, प्रत्येक गावात एक मंडळ. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा संध्याकाळी मंडळींनी एकत्र जमून रेडिओवरचा शेतीचा, आरोग्याचा, गावकारभाराचा कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि जे पटलं ते गावात करून पाहायचं. टाटा समाजविज्ञान संस्थेत त्या वेळी असलेले पॉल न्यूराथ यांनी त्याचा अभ्यास केला आणि तो पुढे जगभर वाचला गेला. नुसता रेडिओ ऐकण्यापेक्षा ऐकून चर्चा करणाऱ्या गावांत माणसं जास्त शिकली, असं त्यातून दिसलं. आम्ही सगळे भराभर लिहून घेत होतो. सर मध्येच थांबले आणि म्हणाले, “वही मिटा. कार्यक्रमाची वेळ काय सांगितली मी?”

“संध्याकाळची.”

“संध्याकाळी गावात चूल कोण पेटवतं?”

वर्ग गप्प झाला. मग ते म्हणाले, “प्रयोग चांगला होता. आजही त्यातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. पण कुठलाही चांगला प्रयोग वाचताना, त्या वेळी त्या जागी कोण येऊ शकलं नसेल, एवढं विचारायचं. ते अहवालात बहुधा सापडत नाही.”

हा त्यांचा धडा मी पुढे सगळीकडे लावत गेले. १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत दूरदर्शन पोचवण्याचा ‘साइट’ प्रकल्प झाला. तो शिकवताना सरांनी आम्हाला गावाचा नकाशा काढायला लावला. संच कुठे ठेवाल? चावडीत? शाळेत? देवळात? तिथे दलित वस्तीतली बाई येऊ शकेल का? आली तर कुठे बसेल? परत जाताना रस्त्यावर उजेड असेल का? उपग्रह आकाशात पोचवणं ही मोठीच गोष्ट, पण चावडीच्या पायरीपाशी येऊन ती अडते, हे आम्हाला त्या नकाशावर दिसलं.

‘हम लोग’चंही तसंच. १९८४ च्या जुलैमध्ये दूरदर्शनवर ही मालिका सुरू झाली. कुटुंबनियोजनाचा, स्त्रियांच्या स्थानाचा विचार कथेतून पोचवायचा हा हेतू. मेक्सिकोच्या मिगेल साबिदो यांच्या मालिकांवरून ती कल्पना घेतलेली. तीत सगळं सोसणारी, मुकाट राबणारी भागवंती ही आई. असं सोसत राहिलं की बाईचं काय होतं, हे तिच्यावरून प्रेक्षकांनी ओळखावं, ही अपेक्षा. पण अभ्यासकांना असं आढळलं, की पुष्कळ प्रेक्षकांनी तिलाच आदर्श आई मानलं, आणि त्यांत स्त्रियाही होत्या. सर म्हणायचे, “आपण काय दाखवलं याला फार महत्त्व देऊ नका. तिने काय पाहिलं ते तिला विचारा.”

हे मला पटायला माझं स्वतःचं पोस्टर पडावं लागलं. क्षेत्रकार्यासाठी एका वस्तीत आम्ही कौटुंबिक हिंसाचारावर पोस्टर केलं होतं. हात उगारलेला नवरा, कोपऱ्यात अंग चोरून बसलेली बायको, रडणारं मूल, खाली ठळक अक्षरांत ‘हिंसा सहन करू नका’. मला ते फार प्रभावी वाटत होतं. सरांनी खालची अक्षरं कागद लावून झाकायला सांगितली आणि म्हणाले, “वस्तीत जा, बायकांना दाखवा, आणि यात काय दिसतं एवढंच विचारा. तुम्ही एक शब्द बोलायचा नाही.”

आम्ही गेलो. एक मावशी म्हणाल्या, “हिनं कायतरी केलं असंल, त्याबिगर एवढा चिडंल का?” दुसरी म्हणाली, “दारू पिऊन आलाय.” तिसरी, “आधी त्या पोराला घ्या गं कुणीतरी.” आणि एक मुलगी पोस्टरकडे बघत म्हणाली, “हे आपल्यातलं घर न्हाई. सोफा हाय की.” चित्र काढणारा आमचाच एक मित्र होता, त्याने आपल्या घरासारखं घर काढलं होतं.

मी चिडून परत आले. बायकांमध्ये जाणीवच नाही, असं सरांना म्हणाले. सरांनी शांतपणे विचारलं, “चूक कोणी केली? त्यांनी की पोस्टरनं?” आणि आम्हाला पुन्हा पाठवलं. या वेळी आम्ही विचारलं, मग काय काढू? बराच वेळ कोणी बोललं नाही. मग पहिल्या दिवशी कोपऱ्यात गप्प बसलेली एक बाई म्हणाली, “शेजारीण दार वाजवतीय, असं काढा. तेवढं जरी कुणी केलं असतं तरी पुरे होतं.”

ते पोस्टर आम्ही काढलं. बंद दार, आणि दारावर थाप मारणाऱ्या तीन बायका. मारहाण नाही, रक्त नाही. त्या पोस्टरनंतर वस्तीतल्या गटाने पाळी लावली, की रात्री कुठल्याही घरातून आरडाओरडा आला तर दोघींनी जाऊन दार वाजवायचं. ‘साखर आहे का’ म्हणून वाजवायचं, पण वाजवायचं. ही कल्पना माझी नव्हती आणि सरांचीही नव्हती. ती त्या बाईची होती. सरांनी फक्त आमचं तोंड बंद ठेवलं.

आता जी गोष्ट सांगते ती सर दरवर्षी शेवटच्या तासाला वर्गात सांगत. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी मराठवाड्यात रोजगार हमीच्या कामांवर एक माहितीपट करायला मदत केली होती. तिथे एका बाईने कॅमेऱ्यासमोर सांगितलं, की मुकादम मस्टरवर तिचे दिवस कमी लावतो आणि वरचे पैसे खातो. न घाबरता, नाव घेऊन सांगितलं. माहितीपट शहरात दाखवला गेला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, तिच्या धैर्याचं कौतुक झालं. दोन वर्षांनी सर त्या गावात गेले. मुकादमाने तिला पुढच्या कामावर घेतलंच नव्हतं, आणि हंगामभर तिच्या घरातल्या कोणालाच घेतलं नव्हतं. ती सरांना म्हणाली, “तुमी तर गेलात. म्या हितंच ऱ्हायले.”

हे सांगताना सरांचा आवाज दरवर्षी तेवढाच अडकायचा. ते म्हणायचे, “तिने परवानगी दिली होती. कागद आहे माझ्याकडे. पण मी तिला एकच गोष्ट विचारली होती, बोलशील का? उद्या काय होईल, हे विचारलं नव्हतं. आणि ते तिच्यापेक्षा मला जास्त ठाऊक असायला हवं होतं.”

मी ही गोष्ट ऐकली, लिहून घेतली, परीक्षेतही लिहिली. आणि तरी मी तीच चूक केली.

साल २०१७. मी एका संस्थेच्या कौटुंबिक सल्ला केंद्रात काम करत होते. केंद्रात आलेल्या एका ताईची ही हकिगत आहे. तिला विचारून, ओळख पटेल असे तपशील बदलून मी सांगते आहे. नवऱ्याने टाकलेली, दोन मुलं पदरात. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तिचा अर्ज आम्ही केला होता, पोटगीची मागणी होती. संस्थेला देणगीदारांसाठी यशोगाथा हव्या होत्या. तीन मिनिटांची चित्रफीत, मागे हळू संगीत. ताई शिवणकाम करायची. मीच तिला तयार केलं. मशीनवर बसलेली ताई हसत म्हणते, “आता मी माझ्या पायावर उभी आहे. महिन्याला आठ हजार कमवते.” शेवटचं वाक्य मीच सुचवलं होतं. दिवाळीचा महिना होता, कामं भरपूर होती. त्या एका महिन्यात तिच्या हातात आठ हजार आले होते, आणि त्यातूनच कापड, दोरा आणि मशीनचा हप्ता जायचा होता.

चित्रफीत संस्थेच्या पानावर गेली, तिथून व्हॉट्सॲपवर, तिथून तिच्या सासरच्या गावात. पुढच्या तारखेला नवऱ्याच्या वकिलाने ती न्यायालयापुढे ठेवली. बाई स्वतः सांगते आहे की ती आठ हजार कमवते, मग पोटगी कशाला? त्या दिवशी ताई माझ्याकडे वळून एवढंच म्हणाली, “ताई, हे तुम्हीच बोलायला लावलं होतंत ना?”

मी त्या रात्री सरांना फोन केला. मला वाटलं, ते समजूत काढतील. त्यांनी समजूत काढली नाही. म्हणाले, “उद्या तिच्याकडे जा आणि माफी माग. माफी मागताना स्पष्टीकरण देऊ नकोस. देणगीदार, संस्था, संगीत, काही सांगू नकोस. मग तिला विचार, की आता काय करू. आणि ती जे सांगेल ते कर.”

ताईने दोन गोष्टी सांगितल्या. ती चित्रफीत काढून टाका. आणि न्यायाधीशांना खरं काय ते लिहून द्या. पहिल्या गोष्टीला संस्थेतून विरोध झाला. सहीचा कागद आहे, असं मला सांगण्यात आलं. सरांचंच वाक्य मी तिथे ऐकत होते. खूप वाद घातल्यावर चित्रफीत पानावरून काढली, पण लोकांच्या फोनमधून ती कोण काढणार? दुसऱ्या गोष्टीसाठी मी ताईबरोबर बसून तिच्या वर्षभराच्या वह्या लावल्या, महिन्यागणिक जमाखर्च काढला आणि ते वाक्य मी सुचवलेलं होतं, असं प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलं. पोटगी मिळाली. मागितली होती त्यापेक्षा कमी आणि सात महिने उशिरा. त्या सात महिन्यांत तिच्या थोरल्या मुलीची शाळा बदलली. ती माझी जबाबदारी आहे, ती मी कुठल्याही यशोगाथेत घालू शकत नाही.

मैत्रिणींनो, हे मी स्वतःला झोडपून घ्यायला सांगत नाही. आपल्या चळवळीचा हा जुना प्रश्न आहे. मथुरा प्रकरण आठवा. १९७२ साली पोलीस ठाण्यात झालेला बलात्कार, सर्वोच्च न्यायालयात आरोपी पोलीस सुटले, १९७९ साली चार कायदेतज्ज्ञ प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, आणि १९८० पासून आपण रस्त्यावर उतरलो. त्या लढ्यातून १९८३ साली कायदा बदलला. बलात्कारित स्त्रीची ओळख उघड करणं हा गुन्हा ठरला तो त्याच बदलात. पण ज्या मुलीमुळे हे झालं तिचं नाव पत्रकांवर, पुस्तकांत कायमचं छापलं गेलं. लढा खरा होता, आवश्यक होता. तरी हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे, आणि ते बोललं पाहिजे.

मग बाईने बोलायचंच नाही का? सर याच्या अगदी विरुद्ध होते. बाईच्या वतीने दुसऱ्याने बोलण्यापेक्षा साधन तिच्या हातात द्या, हा त्यांचा आग्रह. १९८४ साली अहमदाबादला ‘सेवा’च्या बायका व्हिडिओ कॅमेरा शिकल्या, त्यांत लिहिता-वाचता न येणाऱ्याही होत्या. २००८ साली तेलंगणातल्या माचनूरला दलित बायकांनी ‘संघम रेडिओ’ सुरू केला. त्याच वर्षी आपल्या माण तालुक्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग वाहिनी’ सुरू झाली. सर ही उदाहरणं देत आणि म्हणत, इथे काय सांगायचं आणि काय पोटात ठेवायचं हे बोलणारीच ठरवते. फरक यंत्राचा नाही, कात्री कोणाच्या हातात आहे याचा आहे.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येते. सर देव नव्हते. सर गेल्यावर मी काकूंना भेटायला गेले. इतकी वर्षं आम्ही दहा-दहा जण अवेळी त्यांच्या घरी जायचो, चर्चा रंगायच्या, चहा यायचा, पोहे यायचे. चूल कोण पेटवतं, हा प्रश्न आम्ही त्या घरात एकदाही विचारला नव्हता. सरांच्या वर्गातल्या टिपणांचं टंकलेखन वर्षानुवर्षं काकूंनी केलं. शाळेतली नोकरी सांभाळून, रात्री. काकू मला म्हणाल्या, “जगाचं ऐकायचे गं. माझं ऐकायला त्यांना साठी उलटावी लागली.” मग थोड्या वेळाने म्हणाल्या, “शेवटी कानाला मशीन लागलं. मशीन कुरकुरायचं म्हणून काढून ठेवायचे आणि माझ्या तोंडाकडे बघत बसायचे. तेव्हा कुठे माझं बोलणं पुरं व्हायला लागलं.”

हे इथे सांगू का, असं मी काकूंना विचारलं. लिहिलेलं वाचून दाखवलं. त्यांनी एक वाक्य गाळायला लावलं, ते मी गाळलं. बाकीचं सांग म्हणाल्या, “त्यांनाही चाललं असतं. चूक सांगायला ते घाबरत नसत, फक्त कळायला वेळ लागायचा.”

म्हणून मला वाटतं, ही सभा आपण घेतली ते बरं केलं. सरांचे गुण गायला नव्हे. त्यांना जे उशिरा कळलं आणि मला त्याहून उशिरा कळलं, ते आपल्या कामाच्या पद्धतीत बसवायला. आज प्रत्येकीच्या हातात फोन आहे. मोर्चात, शिबिरात, सल्ला केंद्रात आपण सहज चित्रीकरण करतो. प्रत्येक अहवालाला चेहरा हवा असतो, एक गोष्ट हवी असते. माझी आपल्या सगळ्या गटांना सूचना आहे, की पुढच्या बैठकीत आपण काही नियम ठरवावेत. मी चार मांडते.

एक, बाईला ‘बोलशील का’ एवढंच विचारू नये. हे कोण कोण पाहील, सासर, गाव, पोलीस, वकील, आणि पाहिल्यावर उद्या काय होऊ शकतं, हे तिच्याशी बसून बोलावं. दोन, केस चालू असेल तर तिच्या वकिलाला आधी दाखवल्याशिवाय काहीही बाहेर जाऊ नये. तीन, तयार झालेलं तिला दाखवावं, वाचून दाखवावं, आणि तिने सांगितलं ते गाळावं. कारण विचारू नये. चार, तिने नंतर कधीही नको म्हटलं तर काढून टाकावं. सहीचा कागद तिच्या तोंडावर फेकू नये. यामुळे आपल्या काही गोष्टी कमी होतील, कदाचित देणग्याही कमी होतील. तो खर्च आपण सोसायचा. आजवर तो बायकांनी सोसला आहे.

तुम्हाला यात भर घालायची असेल, काही पटत नसेल, तर आता बोलायचं आहे.

ताईला ही सभा आहे हे मी कळवलं होतं. ती आलेली नाही, शिवणाची घाईची कामं आहेत. तिने निरोप दिला आहे, की सरांना मी कधी भेटले नाही, पण त्या दिवशी तुम्हाला माझ्याकडे पाठवलं ते बरं केलं, एवढं सांगा. तो निरोप पोचवते आणि थांबते. आता खुर्च्या सरकवू या.